टाचेमागची रोपं

मी बोलतेय, किन्हवलीच्या धाऊच्या घरची भाताची गोण. कोपऱ्यात पडलेय म्हणून मुकी समजू नका. मी जेवढ्या लाथा खाल्ल्यात, तेवढ्या कुणाच्या नशिबी नसतील.

माझा जन्म तागाचा, काम भात साठवायचं. घरात मान मोठा. चुकून पाय लागला तर माणसं मला हात लावून कपाळाला नेत. पण २००४ साली धाऊची मुलगी अक्षदा शहापूरला किकबॉक्सिंग शिकू लागली आणि माझे दिवस फिरले. धाऊने माझ्यात गिरणीतलं तूस ठासून भरलं, तोंड शिवलं आणि मला अंगणातल्या जांभळाला टांगलं. अक्षदाची आई गिरजा कुरकुरली. भाताच्या गोणीला लाथा मारणं तिला पाप वाटे. म्हणून अक्षदा रोज आधी माझ्या पाया पडे आणि मग मला बदडून काढी. असा भक्त देवालाही मिळू नये.

तिचे वाल्मिक सर सांगत, आधी पाय, मग दम, मग नेम. ताकद सगळ्यात शेवटी. अक्षदाने ते या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. मला मारलं की धप्प आवाज येई, बघायला शेजारपाजार जमे. पायांच्या सरावाला कोण टाळ्या वाजवणार? खरं सांगते, मलाही फुशारकी वाटायची.

जिल्ह्याच्या स्पर्धेत ती हरली. समोरची पुढे आली की ही मागे, आणखी मागे, थेट रिंगच्या दोराला टेकेपर्यंत. घरी येऊन माझ्या अंगावर डोकं ठेवून रडली. पुढच्या साली राज्याच्या स्पर्धेसाठी निवड झाली नाही तर खेळ बंद, कारखान्यात कामाला लागायचं, असं धाऊने बजावलं होतं. मला तिची फार दया आली.

सर भेटायला आले तेव्हा अंगणापुढच्या शेतात भाताची लावणी चालू होती. ते बांधावरून बघत राहिले. अक्षदा वाकून रोप लावी, एक पाऊल मागे घेई. पुन्हा रोप, पुन्हा मागे.

"हिचे पाय लहानपणापासून मागंच चाललेत," ते गिरजाला म्हणाले. "माझं काय ऐकतील ते?"

संध्याकाळी गिरजा उरलेल्या रोपांची जुडी घेऊन जांभळाखाली आली. लेकीच्या टाचांमागे चिखलात तिने एक ओळ लावली आणि प्लास्टिकचा कागद गुंडाळलेल्या मला मागे ओढून सोडलं.

"आता मागं सरक बघू गो. रोपं तुडवशील."

शेतकऱ्याची पोर रोपावर पाय देईल? मी अंगावर गेले, ती बाजूला सरली. एकदा तर माझ्या धक्क्याने तोंडावर पडली, पण रोपं शाबूत. त्या पावसाळ्यात तिने मला मारलं कमी, चुकवलंच जास्त.

पुढच्या स्पर्धेत तिची निवड झाली. धाऊने विचारलं, या खेपेला मागं कशी नाय गेलीस?

"मागं रोपं होती ना, बाबा," ती म्हणाली.

आता माझी शिवण उसवलीय, तूस सांडलंय. लाथा खायला झाडाला नवी गोण आहे. अक्षदा गावातल्या मुलींना शिकवते. रोपं काही बारा महिने मिळत नाहीत, म्हणून उन्हाळ्यात ती मलाच मुलींच्या टाचांमागे अंथरते. तेवढ्यासाठी तरी मला फेकू नका. पोरी धडपडतात, घामाघूम होतात, पण एकीचाही पाय माझ्यावर पडत नाही.