मानीबाईजवळची किल्ली

“ताई, तुमची पोरगी झाडाले पानी पाजते, पन सोता एक घोट नाही घेत. जरा ध्यान द्या,” असं मानीबाईनं सांगितलं, तेव्हा निकिता हसली होती.

आर्णीतल्या एका शाळेच्या ग्राउंडला लागून मानीबाई उकडलेल्या शेंगांची टोपली घेऊन बसायची. तिच्यासमोर रोज संध्याकाळी फुटबॉल क्लबची पोरंपोरी पळायची, आणि त्यांच्यात निकिताची दहा वर्षांची अपेक्षा. क्लबनं कंपाउंडच्या कडेनं लावलेली रोपं एप्रिलच्या उन्हात करपून गेली होती. एकच कडुनिंबाचं रोप पोपटी पालवी मिरवत उभं होतं. आपली पोर किती मायाळू, असं वाटून निकितानं त्याचा फोटोसुद्धा काढला. आणि बाटलीचं म्हणाल, तर ती रोज रिकामीच घरी यायची. निकिता झाकण काढून, उलटी करून बघायची.

बघण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बुटांच्या नाड्या, गुडघ्यावरचं खरचटणं, मोज्यांतला ओलावा, घरी यायला झालेला पाच मिनिटांचा उशीर, सगळ्यावर तिची नजर. बी.एस्सी. झालेली, त्यामुळे वाचायची पण खूप, आणि जितकं वाचायची तितका जीव टांगणीला. सासूबाई विमलताई म्हणायच्या, “पोरगी खेळाले जाऊन राह्यली का लढाईले? किती बांधतं तिले!”

मग एका संध्याकाळी, सराव संपायला दहाएक मिनिटं राहिली असतील, अपेक्षा कॉर्नर मारायला गेली आणि बॉलजवळ नुसतीच उभी राहिली. मग खाली बसली. मग आडवी झाली. निकिता स्कूटीवरून उतरून धावेपर्यंत मानीबाई तिथं पोचली होती. पोरीचं डोकं मांडीवर घेऊन ती पदरानं वारा घालत होती. कोच धर्मपाल सर रिक्षा थांबवायला रस्त्याकडे पळाले होते.

दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, “पाणी किती पिते ही?”

“मोठी बाटली संपवते, डॉक्टर! मी रोज बघते ना.”

अपेक्षानं मान भिंतीकडे वळवली.

“लघवीला जळजळतं का गं?” डॉक्टरबाईंनी हळूच विचारलं. मानेनंच ‘हो’ आलं. दोन महिन्यांपासून.

डॉक्टरबाई गेल्यावर निकिता तिच्या उशाशी बसली. “मले काहून नाही सांगितलं?”

“पाणी प्यायलं की लागते, आई. अन् तिथं जायचं कुठं? शाळेचा संडास पाच वाजता बंद होते. पोरं भिंतीमागं जातात. आम्ही कुठं जाऊ?”

“सरांना सांगायचं.”

“सरांना?” पोरीनं असं काही बघितलं की निकितालाच आपला प्रश्न वेडगळ वाटला. “अन् तुले सांगितलं असतं तर तू फुटबॉलच बंद केला असता. म्हणून झाडाले टाकायची.”

खोटं काय होतं त्यात? दवाखान्यात येताना रिक्षात निकितानं तेच तर ठरवलं होतं.

रविवारी क्लबमध्ये पालकांची मीटिंग होती. यवतमाळच्या स्पर्धेसाठी नव्या जर्सी, हा विषय. निकिता निघाली ती नाव काढून घ्यायलाच. अपेक्षा स्कूटीवर मागं बसली, वाटभर आईची ओढणी धरून. ग्राउंडवर पोचल्यावर निकितानं मागं वळून बघितलं, आणि जे बोलायचं ठरवलं होतं ते तिच्यानं बोलवेना.

कुणीतरी जर्सीचा रंग विचारत होतं. निकिता उठली.

“सर, रंग कोणताही चालेल. पण पोरींना लघवीला जायला जागा नाही इथं. माझी पोर दोन महिने तहानलेली खेळली.”

“आता संडासावर मीटिंग घ्याची का?” मागून एक बाप म्हणाला. दोघंतिघं हसले.

धर्मपाल सर हसले नाहीत. समोर बसलेल्या पोरींना त्यांनी विचारलं, “अजून कोण कोण पाणी न पिता खेळते? सांगा, मी रागावणार नाही.”

एकही हात वर झाला नाही. हसणाऱ्याला जोर आला. “पाहा!”

सरांनी पोरींच्या खाली घातलेल्या माना बघितल्या. मग म्हणाले, “चला, सगळे बाप माणसं, पोरंही, बाहेर. मीही येतो. ताई, तुम्ही विचारा.” आणि खरंच सगळ्यांना घेऊन गेटबाहेर जाऊन उभे राहिले.

निकितानं विचारलं. आधी पायल नावाच्या पोरीनं हात वर केला. मग तिच्या शेजारच्या पोरीनं. मग नऊच्या नऊ पोरींनी. पायलची आई उठून लेकीजवळ जाऊन बसली.

सर आत आले, आकडा ऐकला. “बॉल, नेट, कोन, शिट्टी, सगळ्याची यादी केली मी,” ते म्हणाले. “हे सुचलंच नाही. चूक माझी आहे. जर्सी जुन्याच राहू द्या. आधी हे.”

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी संडासाची किल्ली लगेच काढून दिली. आजवर कुणी मागितलीच नव्हती, म्हणाले. आता ती सरांजवळ ठेवली असती तर पुन्हा तेच. म्हणून ती मानीबाईच्या टोपलीच्या कडीला लटकली. पोरींनी घ्यायची, आणून लावायची, कुणाला विचारायचं नाही. दर वीस मिनिटांनी शिट्टी होते, सगळ्यांनी पाणी प्यायचं. आणि एखादीनं दोन दिवस किल्लीला हात लावला नाही, तर मानीबाई आपणहून हाक मारते, “काहून वं, आज पानी नाही प्याली काय?”

यवतमाळला पोरी विटक्या जर्सीत खेळल्या आणि पहिलीच मॅच हरल्या. अपेक्षा घामानं भिजून आली, निकितासमोर गटागटा पाणी प्यायली, उरलेलं डोक्यावर ओतून घेतलं आणि खिदळत पळाली. जिंकून तरी निकिताला याहून काय मिळणार होतं!

परतल्यावर ती मानीबाईजवळ गेली. “मावशी, तुम्ही आधीच सांगितलं होतं. मी हसले. तुमच्यामुळं माझी पोर...”

“आता आयकलं ना? झालं तर मंग. शेंगा घ्या,” मानीबाई म्हणाली. “अन् झाडाची काळजी नका करू. त्याले मी घालतो पानी.”

मूठभर गरम शेंगा घेऊन निकिता तिथंच तिच्याजवळ बसली, पोर पळताना बघत.

तेव्हापासून भेटेल त्या आईला ती एकच गोष्ट सांगते, आणि तुम्ही इथवर वाचलंत तर तुम्हालाही तिचं तेच मागणं आहे. तुमच्या घरातली, शेजारातली एखादी पोर खेळायला जात असेल, तर तिच्या रिकाम्या बाटलीवर भरवसा ठेवू नका. आज संध्याकाळी ती घरी आली की तिला जवळ बसवा, आणि बाप माणसं उठून गेल्यावर हळूच विचारा, “तिथं जायला जागा आहे ना गं?”