खाणार तुम्ही, खोटा मी

मी एक जुना वजनकाटा आहे, आणि मित्रांनो, मी खोटा नाही. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, कारण माझ्याबद्दल दुसरं काही ऐकायच्या आधी लोकांनी तेवढंच ऐकलेलं असतं.

एका ओतशाळेत माझा जन्म झाला. खाली लोखंडी पाट, वर उभा खांब, खांबावर आडवी दांडी आणि दांडीवर सरकणारा पितळी गोळा. भडगावजवळ गिरणेच्या काठच्या एका गावात अभिमन भाऊंनी मला केळी मोजायला आणलं आणि ओसरीत उभं केलं. पहिल्या दिवशी मला कुंकू लावलं, नारळ फोडला. दरवर्षी सरकारी माणूस येऊन मला तपासायचा आणि शिक्का मारायचा. पंचक्रोशीत म्हणायचे, अभिमनचा काटा म्हणजे देवाचा शब्द.

हे कौतुक फार टिकलं नाही. केळी विकणारा म्हणायचा, काटा कमी दाखवतो. घेणारा म्हणायचा, जास्त दाखवतो. एकाच घडासाठी मी एकाच वेळी दोन बाजूंनी खोटा! बरं, केळीचं मी समजू शकतो, तो धंदा आहे. पण हंगाम संपला की माणसं माझ्या पाटावर चढायची. नवरदेव चढायचे, बाळंतिणी बाळाला घेऊन चढायच्या, पोरं तर नुसती उड्या मारायची. आकडा आवडला की "वा, तब्येत सुधारली." नाही आवडला की "काटा बिघडला." माझ्या तब्येतीची चौकशी मात्र कुणी केली नाही.

तुम्हाला गोष्ट सांगायची आहे ती बेबाबाईची, म्हणजे अभिमन भाऊंच्या बायकोची. मी ओसरीत, समोर स्वयंपाकघराचं दार. त्यामुळे त्या घरात कोण काय खातं ते मला इच्छा नसतानाही दिसायचं.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी सालच्या सुमाराला बेबाबाईच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली आणि जखम भरेचना. हळद झाली, पाला झाला, शेवटी जळगावला नेलं. तिथे डॉक्टरांनी सांगितलं, "बाई, रक्तात साखर आहे. गोड बंद. वजन सत्तर किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही. ऐकलं नाहीत तर हा अंगठा काढावा लागेल."

त्या दिवसापासून दर बाजारच्या दिवशी बेबाबाई माझ्यासमोर उभी. आधी हात जोडायची. मग चपला काढायची, कमरेच्या किल्ल्या काढायची, कधी बांगड्यासुद्धा. "बा रे, आज तरी कमी दखाड," असं मला विनवायची. आणि मग एका पायावर उभी राहायची! अहो बाई, एक पाय उचलल्याने वजन कमी होत असतं तर तळ्यातले बगळे वाऱ्यावर उडून गेले असते. मी काय करणार? आहे ते दाखवायचो.

तिची भूक मात्र खरी होती, हे मी शपथेवर सांगतो. तो आजारच तसा. जेवून हात धुतला की पुन्हा पोटात खड्डा. भाकरी थापताना तिचा हात गुळाच्या डब्याकडे जायचा आणि डब्याच्या झाकणावरून परत यायचा. मी रोज बघायचो. कधी परत यायचा नाही, तेही बघायचो. त्यावेळी ती दाराआड तोंड करून खडा चघळायची आणि मग दिवसभर स्वतःवरच चिडलेली असायची.

तरी तिने सत्तर धरून ठेवलं होतं. जखमेवर खपली धरली होती. खरा वैताग घरातल्या बाकीच्यांचा. भाऊ बाजारातून जिलबी आणायचे आणि तिच्याच समोर बसून खायचे. वर म्हणायचे, "एक तुकडानी काय व्हस वं?" शेजारीण तेच म्हणायची, पाहुणे तेच म्हणायचे. एका तुकड्याने काय होतं ते दर आठवड्याला मला दाखवावं लागायचं आणि शिव्याही मीच खायच्या. शिवाय पोरं ताटात अर्धी भाकर टाकून उठायची, भाऊ वाटीत वरण ठेवायचे. अन्न टाकायचं नाही, हा सासूबाईंचा, म्हणजे धुरपदाअक्कांचा नियम. नियम सगळ्यांना, पाळायची एकटी बेबाबाई. सगळे उठल्यावर ती उरलेलं एका ताटात गोळा करायची आणि चुलीशी उकिडवी बसून संपवायची.

अशात श्रावण आला आणि घरोघरी बसणारी कानबाई देवी आली. आपल्या खानदेशात कानबाईचे रोट कसे असतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, ते दळायचे आणि गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून जाड रोट करायचे. ते आपल्याच भाऊबंदांनी खायचे. दुसऱ्या कुळात द्यायचे नाहीत, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही. आणि पौर्णिमेच्या आत संपलेच पाहिजेत.

धुरपदाअक्का सुपापाशी बसल्या आणि स्वतःच्या मुठीने गहू मोजू लागल्या. घरात पुरुष तीनच, भाऊ आणि त्यांची दोन पोरं. पण सुरतेच्या कापडगिरणीत असलेला अक्कांचा धाकटा मुलगा झुलाल आणि त्याचे चार मुलगे दरवर्षी यायचे, म्हणून त्यांच्याही मुठी पडल्या. अक्कांची मूठ तशी मोठी, आणि देवीच्या कामात हात आखडता कसा घ्यायचा? दळण झालं, रोट झाले, टोपली शिगोशीग भरली. तेवढ्यात शेजारचा भटू सुरतेहून आला आणि ओसरीतूनच ओरडला, "अक्का, सुरतवाला येतस नहीत. गिरणीमा सुटी नही भेटनी!"

आता आठ जणांचे रोट आणि खाणारे तीन. भाऊंनी आणि पोरांनी दोन दिवस आवडीने खाल्ले. तिसऱ्या दिवशी तोंड वाकडं केलं. चौथ्या दिवशी भाऊ म्हणाले, "आते मना घसाखाल उतरत नही." रोट भरलेली टोपली स्वयंपाकघरात तशीच.

"कानबाईना रोट शेत, टाकाना नहीत," अक्का म्हणाल्या. "बेबा, तूच खाई टाक. तुनाबिगर कोन शे?"

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या क्षणी ओरडलो असतो. जिने महिनोन् महिने गुळाच्या डब्याशी भांडण मांडलं होतं, तिच्यापुढे घरानेच गुळाची टोपली ठेवली, आणि तीही देवीच्या नावाने! पहिला रोट तिने रडत खाल्ला. दुसरा दुधात बुडवून खाल्ला. तिसऱ्याला ती रडली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. इतक्या दिवसांची भूक होती ती. कुणी "खा" म्हणायची वाट बघत बसलेली.

पौर्णिमेला टोपली रिकामी झाली. बेबाबाई पाटावर चढली. यावेळी दोन्ही पायांवर उभी राहिली. गोळा सरकवत सरकवत भाऊंनी दांडी जुळवली. चौऱ्याहत्तर.

"काटा खोटा शे!" भाऊ म्हणाले.

त्यांनी रागारागाने शिक्क्याची लोखंडी वजनं आणून पाटावर रचली. मी किलोला किलो बरोबर दाखवलं. भाऊंनी वजनं खाली उतरवली. मग बायकोकडे वळून म्हणाले, "तू इतलं खादंच कसं?"

"मी कधी बसीसन जेवनू?" ती म्हणाली. "मी ते उरेल-सुरेलच खादं."

खपलीखाली अंगठा काळा पडत होता. पावसाळी चिखलात तो आणखी चिघळला. भादव्यात तिला जळगावच्या दवाखान्यात ठेवलं आणि अंगठा काढला.

ती दवाखान्यात होती तेव्हा घरात एक गंमत झाली. गंमत म्हणायची, पण हसू येऊ नये अशी. भाकरी तेवढ्याच होत होत्या, पोरं तेवढंच टाकत होती, भाऊ वाटीत तेवढंच ठेवत होते. पण संपवणारी नव्हती. म्हणून उरलेलं दारातल्या मोत्या कुत्र्याला जाऊ लागलं. जेमतेम महिनाभरात मोत्या असा फुगला की त्याला खाजवताना मान वळवता येईना. पोरांनी एके दिवशी त्याला उचलून माझ्या पाटावर उभं केलं आणि आकडा बघून खिदळू लागली.

धुरपदाअक्का दाराशी बसून गवार मोडत होत्या. त्यांनी कुत्र्याकडे बघितलं. मग रिकाम्या चुलीकडे बघितलं. हातातली गवार तशीच राहिली.

"हसू नका रे," त्या म्हणाल्या. "हाई चरबी आपली बेबाना आंगवरनी शे."

पोरांनी मोत्याला खाली उतरवलं. त्या दिवसापासून घरात भाकरी मोजून होऊ लागल्या आणि ज्याचं ताट त्यानेच पुसायचं असं ठरलं. मोत्या महिन्याभरात पुन्हा धावू लागला.

पुढच्या वर्षी कानबाई आली. सूप आलं, गहू आले. अक्कांनी तीन वेळा मूठ भरली आणि सूप बाजूला सारलं.

"अक्का, सुरतवालास्नी?" भाऊंनी विचारलं.

"जो दारमा उभा शे, त्यानीच मूठ."

"कानबाई कोपई ना!"

"कोपनी ते मनावर कोपू दे. सूननं बोट गयं, आते आखो काय देऊ?"

मग अक्कांनी स्वतः पाट मांडला, ताट वाढलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मेथीची भाजी आणि देवीचा म्हणून रोटाचा नखाएवढा तुकडा. "बेबा, पहिले तू बस," त्या म्हणाल्या. आणि त्या घरात नांदायला आल्यापासून पहिल्यांदा बेबाबाई गरम भाकरी खायला मांडी घालून बसली. पोट भरल्यावर उठली. तिचा हात गुळाच्या डब्याकडे गेला नाही असं मी म्हणणार नाही. गेला. पण झाकणावरून परत आला.

आता मी म्हातारा झालो आहे. केळीला विजेवरचे काटे आले, माझ्या पाटावर मिरच्या वाळतात आणि कोंबड्या झोपतात. भाऊंना मला तेल पाजायची आठवण दिवाळीत होते, तीही दरवर्षी नाही. दर बाजारच्या दिवशी मात्र बेबाबाई कोंबड्या हाकलते आणि पाटावर उभी राहते. तिच्या पायांची नऊ बोटं मला थंड पाटावर नीट कळतात. पण दवाखान्यातून परत आल्यावर ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा गेलेला अंगठा माझ्या दांडीला कळलाच नाही. मी घडांचा काटा. अंगठ्याएवढं वजन माझ्यात दिसतच नाही.

म्हणून ते तुम्हीच बघायला हवं, मित्रांनो. मला तेल पाजा, कोंबड्या उठवा, हे मागणं आहेच. पण त्याआधी एक करा. ताटात काही टाकून उठलात तर ते कुणाच्या पोटात जातं, ते स्वयंपाकघरात जाऊन एकदा बघा. आणि जिला गोड वर्ज्य आहे तिच्यापुढे टोपली सरकवू नका, देवीच्या नावानेसुद्धा.

एवढं करूनही तिचं वजन वाढलं, तर खुशाल मला खोटा म्हणा.