राघूंची फणी

माझ्या डोक्यावर एक केस नाही आणि माझ्या घरात कपाटभर फण्या आहेत. पाहुणे आले की आधी कपाटाकडे बघतात, मग माझ्या टकलाकडे, आणि मग चहाच्या कपात तोंड लपवतात. हसा बुवा, मोकळेपणाने हसा. मला आता सवय झालीय.

जुन्या, नक्षीच्या फण्या जमवायचं हे वेड आमच्या कल्पनाचं. चंदनाच्या, शिंगाच्या, अंबाड्यात खोवायच्या. पितळेची एक तर आतून पोकळ आहे. वरच्या मोराचं डोकं फिरवून तेल भरायचं, म्हणजे ते दातांमधून केसांत झिरपतं. गोपाळ मंदिरापाशी जुन्या सामानाचं दुकान आहे, तिथला माणूस आम्हाला लांबून बघूनच ओरडतो, "भाभीजी, कंघी आई है!" आणि मग मला, "बाबूजी, आपके लिए टोपी निकालूँ?" मेल्याला दर वेळी तोच विनोद, आणि दर वेळी कल्पना तितकीच हसते. मी बँकेतून रिटायर झालो तेव्हा वाटलं होतं, आता आपण दोघं जरा फिरू. फिरलो ना! ग्वाल्हेर, देवास, धार, आणि सगळीकडे फण्यांच्या मागे.

पण तिला हवी होती ती एकच. जयूवहिनींची.

जयूवहिनी म्हणजे आमचे जुने घरमालक भय्यासाहेब, त्यांच्या पत्नी. लग्न होऊन कल्पना नगरहून उज्जैनला आली तेव्हा आम्ही त्यांच्याकडे वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. हिला हिंदीचा गंध नाही. भाजीवाल्याला "मेथी कशी दिली" विचारायची आणि तो हसला की वर येऊन रडायची. मी दिवसभर बँकेत. तेव्हा वहिनी हिला हाताला धरून खाली न्यायच्या, पुढ्यात बसवायच्या आणि केसांना तेल लावून वेणी घालून द्यायच्या. ती वेणी ज्या फणीने घालायच्या तीच ही. म्हशीच्या शिंगाची, काळीभोर, पाठीवर चांदीची वेलबुट्टी आणि मधोमध चोचीत चोच घातलेले दोन राघू. वहिनींच्या आजेसासूबाई शिंदे सरकारच्या कारकुनाच्या घरातल्या, त्यांच्याबरोबर लग्नात आलेली. पुढे आयुष्यभर कल्पनाने बाजार धुंडाळले, ते त्याच फणीची जोडीदारीण शोधायला, असं माझं मत आहे. तिला विचारलंत तर ती मान्य करणार नाही.

भय्यासाहेब गेले तेव्हाच वहिनी तिला म्हणाल्या होत्या, "आता ही तुझी गं. मी नुसती सांभाळतेय."

"मग द्या ना," कल्पना म्हणाली. हिला धीर कुठला!

"माझ्या हाताने नाही द्यायची. मी अशी. फणी सवाष्णीच्या ओटीत सवाष्णीनेच घालावी. रुचिरचं लग्न होऊ दे, नातसून येऊ दे, तिच्या हातून देईन."

"वहिनी, आजकाल कोण मानतं हे?"

"मी मानते," वहिनी म्हणाल्या, आणि विषय संपला. बाकी बाई एकदम रोखठोक. हातून कप पडला तर "फोडला एकदाचा, चला, डोक्याचा ताप गेला" म्हणणारी. पण या बाबतीत त्यांच्यापुढे ब्रह्मदेवाचं चाललं नसतं.

तर रुचिरचं लग्न झालं. निहारिका आली. पोरगी गुणाची, भोपाळात वाढलेली, नोकरी करणारी. मराठी घरातलीच, पण घरात सगळा कारभार हिंदीत. "काकू, मी बोलते ना मराठी, बस थोडी अटकते," असं म्हणायची. वहिनींचा मुलगा-सून पुण्याला, त्यामुळे म्हातारीचं सगळं निहारिकाच बघायची, आणि मनापासून बघायची. वहिनी आता या दोघांच्याच फ्लॅटमध्ये राहायच्या, आणि तोही आमच्यासारखा फ्रीगंजातच, आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. वहिनींनी जाहीर केलं, या संक्रांतीला निहारिकाचं पहिलं हळदीकुंकू, त्यात कल्पनाच्या ओटीत फणी. कल्पनाने कपाटात मधला खण मोकळा केला. त्यात भैरवगढच्या छाप्याचं नवं कापड अंथरलं. नवरी यायचीय जशी!

डिसेंबरात वहिनींची तब्येत उतरली. बोलणं कमी झालं, अर्धा वेळ झोपेतच. आणि एके दिवशी निहारिकाचा फोन आला. कल्पनाचे हात पिठाचे होते म्हणून फोन स्पीकरवर होता, म्हणजे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"काकू, आजींनी तुम्हाला सांगायला सांगितलंय. ती फणी आहे ना, ती त्यांनी बढ़ा दी."

"बढ़ा दी म्हणजे?"

"म्हणजे आगे बढ़ा दी. दिली असेल कोणाला. मला तर माहिती पण नाही कुठली फणी. पण आजी खूप उदास आहेत, रडत होत्या. तुम्ही या ना."

कल्पनाने कोपराने फोन बंद केला आणि पोळ्या लाटायला लागली. त्या दिवशीच्या पोळ्या, देवा रे, जोडे शिवता आले असते.

मग सुरू झालं. कुणाला दिली असेल? हिचा संशय लगेच देवश्रीवर. देवश्री ही फ्रीगंजातच बुटीक चालवते, हिच्यासारखीच जुन्या वस्तूंच्या मागे असते, आणि दिवाळीत वहिनींना भेटून आली होती. "गोड बोलून काढून घेतली तिने. आणि यांनी दिली! सवाष्णीच्या हातून देईन म्हणे. मला एवढी वर्षं झुलवलं!"

"अगं, आजारी आहे ती. जाऊन तर ये."

"मी का जाऊ? जिला दिली तिला बोलवा म्हणावं पायाशी बसायला."

"फणीसाठी भांडतेस?"

"फणीसाठी नाही," ती म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. "त्या म्हणाल्या होत्या तुझी आहे म्हणून. मी त्यांना आई मानलं हो. आईने वस्तू दुसऱ्याला दिली तर माणसाला काय वाटेल?"

खरं सांगू, मला वाटलं, चार दिवस फुगून बसेल आणि जाईल. हिचा राग म्हणजे दुधाची उकळी, गॅस कमी केला की खाली. या वेळी नाही गेला. संक्रांतीचं बोलावणं घेऊन निहारिका स्वतः आली, तर ही म्हणाली, "गुडघा धरलाय माझा, जिने चढवत नाहीत." त्या बिल्डिंगला लिफ्ट आहे. पोरीने ऐकून घेतलं, तिळगूळ ठेवला आणि निघाली. मी फाटकापर्यंत गेलो तर म्हणाली, "काका, आजी रोज विचारतात, कल्पना आली का? तुम्ही काकूंना समझाओ ना."

मी समजावलं. म्हणजे मी चहा पिता पिता एकदा म्हटलं, "म्हातारी वाट बघतेय." कल्पना उठून आत गेली. मी एकट्याने तरी जाऊन यायला हवं होतं, पण बायकांच्या मधे कशाला पडा, म्हणून टीव्ही बघत बसलो.

हळदीकुंकू झालं. आमच्या घरी कल्पना त्या संध्याकाळी कपाट उघडून सगळ्या फण्या पुसत बसली होती. मधला खण मोकळाच होता. माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या जाईन म्हणते. फणीचा एक शब्द नाही काढणार. नुसती बसून येईन."

"जा," मी म्हटलं. मला इतकं बरं वाटलं की मी स्वतः उठून खिचडी टाकली.

सकाळी आम्ही उठायच्या आत रुचिरचा फोन आला. वहिनी पहाटे झोपेतच गेल्या होत्या.

चक्रतीर्थाच्या स्मशानापर्यंत मी गेलो, खांदा दिला. कल्पना तिकडे घरी त्या रिकाम्या पलंगापाशी बसून राहिली. रडली नाही, आणि हेच मला जास्त भीतीचं वाटलं. तेराव्याला जेवणं उरकली, माणसं पांगली, तेव्हा निहारिका एक रुमालाची पुरचुंडी घेऊन आमच्याजवळ आली.

"काकू, हे आजींच्या उशीच्या अभ्र्यात मिळालं. आत चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही. पण तुमचंच असेल असं वाटलं."

कल्पनाने गाठ सोडली. आत राघूंची फणी होती. दोन तुकडे. बरोबर मधून गेली होती, एक राघू इकडे, एक तिकडे. दोन-चार दात सुटे पडले होते, तेसुद्धा वेचून ठेवलेले.

"ही तर मोडलीय," कल्पना म्हणाली.

"हां. मला पण समजलं नाही. आजी तर म्हणाल्या होत्या की बढ़ा दी."

"निहारिका, त्या काय म्हणाल्या होत्या? हिंदीत नको. त्यांचे शब्द सांग."

पोरगी डोळे मिटून आठवायला लागली. "त्या दिवशी दुपारी आजींनी खोबरेल तेलाची वाटी मागितली. म्हणाल्या, शिंगाला तेल लावायचंय, संक्रांत आली. मग मी मीटिंगमध्ये होते. बाहेर आले तर रडत होत्या. म्हणाल्या, 'कल्पनाला सांग गं, तिची फणी मी वाढवली.'"

कल्पनाने तुकडे हातातच घट्ट धरले.

"वाढवली म्हणजे बढ़ा दी ना, काकू?" निहारिका आमच्या दोघांच्या तोंडांकडे बघत होती. "काका?"

माझी आई बांगडी फुटली की 'वाढवली' म्हणायची. मंगळसूत्र तुटलं की 'वाढवलं'. कुंकवाचा करंडा सांडला तरी तेच. मी लहानपणापासून ऐकलेला शब्द, आणि त्या दिवशी स्पीकरवर 'बढ़ा दी' ऐकून मला एक क्षणही शंका आली नाही. इतकी हिंदी आमच्या हाडात मुरली आहे.

"वाढवली म्हणजे मोडली, बाळा," कल्पना म्हणाली. "मोडली असं म्हणत नाहीत म्हणून वाढवली म्हणतात."

निहारिकाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "म्हणजे आजी तुम्हाला सॉरी म्हणायला बोलवत होत्या? आणि शेवटी शेवटी म्हणत होत्या, रागावली असेल ती, बरोबर आहे तिचं. मी म्हटलं, नाही आजी, काकूंचा गुडघा दुखतोय..." कल्पनाने तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवत राहिली. म्हणाली, "तुझा काही दोष नाही. एकदा फोन करून 'कुणाला दिली' एवढं विचारलं असतं ना मी, तरी पुरलं असतं."

घरी आल्यावर मात्र मला राहवलं नाही. माझा राग असा नको तिथे निघतो. मी म्हटलं, "पण त्यांनी तरी सरळ का नाही सांगितलं? कप फुटला तर फोडला म्हणायच्या ना? मोडली म्हणायचं, मोडली! त्या पोरीला मोडली कळलं असतं. तू अश्शी पळत गेली असतीस. शेवटच्या दिवसांत कसले मेले सोवळे शब्द!"

कल्पना चपला काढत होती. ती तशीच भिंतीला हात टेकून उभी राहिली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "कप त्यांचा होता. फणी त्यांची असती तर मोडली म्हणाल्या असत्या. त्यांना आता कशाची भीती होती? पण फणी माझी होती. सवाष्णीची. मोडली म्हटलं असतं तर ते तुमच्यावर आलं असतं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी खुर्चीत बसलो.

मला भाऊजी म्हणायची ती बाई. मी यातलं काही मानत नाही, कधीच मानलं नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी माझ्या आयुष्याला काही अपशकुन नको, म्हणून तिने तो एक शब्द तोंडातून काढला नाही, आणि तेवढ्यापायी माझ्या बायकोची वाट बघत बघत मेली.