वळायची जागा

निडीच्या फाट्यावर सगुणा भररस्त्यात उभी राहिली आणि दोन्ही हात वर करून तिने धाटावहून येणारी कंपनीची बस थांबवली. आत रात्रपाळीची माणसं खिडक्यांना डोकी टेकून झोपली होती.

"प्रवीण, आमचे हे दिसले काय रं वाटेत?"

ड्रायव्हर गावचाच. "दिसले ना काकी. सकाळची शिफ्ट सोडायला जाताना, रोह्याच्या पुढं. मान खाली घालून पॅडल मारत होते. हॉर्न दिला तर बघितलं पण नाय. काकांनी परत ड्युटी धरली काय?"

मागे कुणीतरी हसलं. सगुणा हसली नाही.

तिच्या नवऱ्याच्या, हिरामणच्या हृदयात स्टेंट बसवून चार महिनेही झाले नव्हते. पेणच्या डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली, तेव्हा व्यायामशाळेत शिकवणाऱ्या रामवाडीतल्या भाचीने, भाविकाने, सगळं कॅलेंडरवर लिहून दिलं होतं. पहिला महिना दोन किलोमीटर जायचं आणि माघारी यायचं. चालवताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. दम लागला की उतरायचं. "आणि मामा, मजा आली पाहिजे," असंही ती म्हणाली होती. आज हिरामण सकाळी निघाला तो माघारी आलाच नव्हता.

मिळाली त्या मिनीडोर रिक्षात सगुणा कडेला बसली. प्रत्येक मोरीशी, प्रत्येक झाडाखाली वाकून बघत राहिली. एके ठिकाणी आडवी पडलेली सायकल दिसली आणि तिने रिक्षा थांबवायला लावली. सायकलचा मालक पलीकडे गवत कापत होता. रिटायर होईपर्यंत बत्तीस वर्षं हिरामणने कंपनीत जायला हाच रस्ता तुडवला होता, पावसात, अंधारात. तेव्हा डबा हातात दिला की ती आपल्या कामाला लागायची. एवढी काळजी तेव्हा कशी वाटली नाही, याचं तिला आता नवल वाटलं.

तो कंपनीच्या फाटकासमोर, टपरीच्या बाकावर बसला होता. शर्ट पाठीला चिकटलेला. ओठ पांढरे.

"छातीत दुखतंय?"

"नाय. मघाशी धडधडत होतं. आता कमी झालं."

तिने त्याचं मनगट धरलं. ठोके मोजता येत नव्हते, तरी धरून ठेवलं.

"भाविकानं काय सांगितलेलं?"

"वळणारच होतो गो. पण सायकल तिथं कधी वळलीच नाय ना. एकदा निघालो की भोंग्याच्या आत पोचायचं, पायांना तेवढंच ठाऊक." तो थोडा थांबला. "आणि मागून तुझा तोच जुना आवाज. निघा, भोंगा होईल, भोंगा होईल."

सगुणेने मनगटावरचा हात काढून घेतला.

"चार मिनिटं आधी पोचलो," तो म्हणाला. "वॉचमननं विचारलं, कुणाकडं आलात?"

फाटक बंद होतं. तिने टपरीवरून पाण्याचा ग्लास आणून त्याच्या हातात दिला आणि तो संपेपर्यंत उभी राहिली.

"उद्यापासनं नागोठण्याच्या बाजूला जायचं."

"तिकडं आपलं काय हाय?"

"कायच नाय."

हिरामणने रिकामा ग्लास बाकावर ठेवला.

"मग पोचलो ते कसं कळायचं?"

सगुणा त्याच्या शेजारी बाकावर टेकली. तिने पदराने त्याच्या मानेवरचा घाम टिपला.