प्रेमलाबाईंचा हात आणि मी

मी एक जुना पिवळा दिवा आहे. बनारसच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या नीलकंठशास्त्रींच्या स्कूटरला, मागच्या बाजूला उजव्या अंगाला मी बसलेलो आहे. गाडी वळायची असली की लुकलुकायचे, एवढ्यासाठीच कारखान्यात माझा जन्म झाला. पण मित्रांनो, बनारसला आलो आणि माझे काम दुसऱ्याच कुणाकडे गेले!

शास्त्रीबुवांच्या मागे त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई बसत. नऊवारी नेसत, म्हणून दोन्हीकडे पाय टाकून ऐटीत बसत. वळण आले की शास्त्रीबुवा म्हणत, "प्रेमला, हात!" आणि हिरव्या बांगड्यांचा हात झोकात बाहेर येई. रिक्षावाले थांबत, सांडही जणू बाजूला होई. "माताजी का हाथ है, रुको भाई!" असे कौतुक मी रोज ऐकत असे. माझे बटण मात्र धूळ खात पडले होते. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरे काय!

खरे सांगू? मला त्या हाताचा हेवा वाटे. तरीही ते दिवस फार गोड होते. कार्तिकात पहाटे अहिल्याबाई घाटावर स्नान, परतताना गरम कचोरी, आणि वाटेवर दोघांचे लटके भांडण. पुढेपुढे तर "हात" म्हणायचीही गरज उरली नाही. शास्त्रीबुवा वळत आणि हात आपसूक बाहेर येई.

गेल्या चतुर्थीला दोघे बंगाली मूर्तिकाराकडून गणपती घेऊन निघाले. प्रेमलाबाईंनी मूर्ती दोन्ही हातांनी उराशी कवटाळली होती. आमची गल्ली आली. शास्त्रीबुवा सवयीने उजवीकडे वळले. त्या दिवशी हात बाहेर आलाच नाही, कारण तो बाप्पाला धरून होता. मागून येणारी ई-रिक्षा आम्हांला धडकली. पडताना प्रेमलाबाईंनी मूर्ती सोडली नाही. सगळा भार उजव्या हातावर घेतला.

ई-रिक्षावाला रडवेला झाला. "माताजी, आज आपने हाथ नहीं दिखाया! मैं तो रोज वही देखकर रुकता हूँ।"

बाप्पा सुखरूप घरी आले. प्रेमलाबाईंचा खांदा आणि कोपर मात्र मोडले. दवाखान्यातून परतल्यावर प्राणप्रतिष्ठा करताना शास्त्रीबुवांना मंत्र सुचेनात; दाराशी उभ्या स्कूटरवरून मला सारे ऐकू येत होते. "बत्ती होती गं स्कूटरला," ते म्हणाले, "आणि मी जन्मभर तुझाच हात पुढे केला."

"असू दे हो. बाप्पा वाचले ना? पूजा पुरी करा आधी," प्रेमलाबाई म्हणाल्या.

आता शास्त्रीबुवा रोज ओल्या फडक्याने माझी काच पुसतात. रस्ता रिकामा असला तरी वळणाच्या बऱ्याच आधी मला लावतात. ज्या कामाची मी इतकी वर्षे वाट पाहिली, ते मला मिळाले. पण असे मिळायला नको होते.

मित्रांनो, तुमच्या गाडीवर माझे भाऊबंद असतील. त्यांना शोभेला ठेवू नका. मागच्याला कळेलच, असे समजून वळू नका. बटण दाबायला अंगठा जरासा हलवावा लागतो, बस्स. प्रेमलाबाईंचा हात आता खांद्याच्या वर जात नाही. रोज सकाळी शास्त्रीबुवाच त्यांचा अंबाडा घालतात, आणि अजून त्यांना तो नीट जमत नाही.