हात लावू नये

सौमित्रने कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण उघडलं, आत वाकून वास घेतला आणि स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"बोर्ड जळाला, वहिनी. हार्ड डिस्कचंही काही खरं नाही."

"आणि पेन ड्राइव्ह?"

दुरुस्तीसाठी रहिमतपूरहून आलेल्या सौमित्रने तो आधीच काढून टेबलावर ठेवला होता. त्याचं एक टोक वितळलं होतं.

"हा कालही मशीनलाच लावलेला होता?"

संयोगिताने मान डोलावली. चार वर्षांच्या कामाची दुसरी प्रत तिने काळजीने करून ठेवली होती, पण ठेवली कुठे, तर पहिलीच्याच पोटात. कुलूप लावावं आणि किल्ली त्यालाच लटकवून गावाला जावं, असला हा शहाणपणा. दुसऱ्या कुणी केला असता तर ती पोटभर हसली असती.

कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनींवरचा तिचा प्रबंध उद्या संध्याकाळी पाचपर्यंत विद्यापीठाच्या साइटवर चढवायचा होता. मुदत दोनदा वाढवून घेतली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. उद्या चुकलं की नोंदणी रद्द, आणि कराडच्या कॉलेजातली नोकरीही गेली. मार्गदर्शकांकडे फक्त पहिली तीन प्रकरणं होती. उरलेली पाच, आणि तीन उन्हाळे बांधाबांधाने हिंडून घेतलेली मोजमापं, सगळं त्या काळ्या पडलेल्या डब्यात होतं.

काल दुपारी फाइल चढत होती. गावातलं नेट मुंगीच्या पावलाने चालायचं. अर्धी-अधिक चढल्यावर ती मार्गदर्शकांच्या सहीसाठी कराडला गेली आणि मागे वळीव आला. परसातल्या नारळावर वीज पडली. नेटची तार त्याच नारळाला बांधून घरात आणलेली होती. लाइट गेली तरी मशीन इन्व्हर्टरवर चालूच होतं.

"दोन्ही वायरी उपटल्या असत्या तर वाचलं असतं," सौमित्र म्हणाला. "पुण्यात एकजण जळक्या डिस्कमधून फाइली काढतो. पण तुम्हालाच जावं लागेल, कुठल्या फाइली ते तुम्हीच सांगणार. आज संध्याकाळच्या आत पोचलात तर काही आशा आहे. एकची गाडी धरा, मी सोडतो स्टँडवर."

तेवढ्यात तिच्या सासूबाई, रंगूबाई, चहा घेऊन आल्या. एक कप ठेवून परत गेल्या आणि दुसरा आणला. दोन्ही कप डाव्या हाताने ठेवले. पदर उजव्या खांद्यावरून खाली ओढून घेतला होता. संयोगिताचं तिकडे लक्ष नव्हतं. ती खिडकीतून अंगणात पडलेल्या कोयत्याकडे पाहत होती.

विजा कडाडू लागल्या की अंगणात लोखंड फेकायचं, ही रंगूबाईंची जुनी रीत. जोडीला घरातल्या झाडून सगळ्या वायरी उपटायच्या. गेल्या महिन्यात एवढ्याशा गडगडाटाला त्यांनी प्लग ओढला आणि संयोगिताचं संध्याकाळभराचं टायपिंग गेलं. तेव्हा ती त्यांना नको नको ते बोलली होती. आजही तिला आवरलं नाही.

"आत्या, कोयता फेकायला बरं सुचलं तुम्हाला. एरवी ढग दिसला की वायरी उपटता. कालच काय झालं होतं?"

रंगूबाई काही बोलणार होत्या, पण सौमित्रकडे पाहून थांबल्या.

"चुकलं माजं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

सौमित्र चहा तसाच ठेवून मोटरसायकल काढायला बाहेर पडला.

संयोगिताने डिस्क रुमालात गुंडाळली आणि उरलेल्या वायरी गोळा करायला टेबलामागे वाकली. भिंतीवरचा बोर्ड काळा पडला होता. त्याच्या वर चिकटपट्टीने लावलेला कागद मात्र शाबूत होता, कडेला जरासा तपकिरी झालेला. अक्षर तिचंच, घाईतलं आणि बारीक.

'अपलोड चालू आहे. वारा येवो, पाऊस येवो, काहीही झालं तरी कुणीही वायरींना हात लावू नये.'

वीरधवल, तिचा नवरा, फौजेत. घरात माणसं दोनच. कुणीही म्हणजे कोण, हे लिहिताना तिला पक्कं ठाऊक होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा रंगूबाईंना सहीसुद्धा येत नव्हती. दोन पावसाळे पाटीवर बोट धरून तिनेच त्यांना वाचायला शिकवलं होतं.

ती स्वयंपाकघरात गेली. गॅसवर नुसता भात रटरटत होता. परातीत पीठ काढलेलं होतं, पण कोरडंच. एका हाताने पीठ मळून भाकरी थापता येत नाही.

"आत्या, हात दाखवा."

"काय न्हाई झालं."

"दाखवा."

पदराखालून उजवा हात बाहेर आला. दोन बोटांची टोकं काळी पडली होती, तळवा टम्म सुजला होता. बोटं मिटत नव्हती.

"कालपासून असा आहे? मला सांगितलं का नाही?"

"तुजं चार वर्सांचं जळालं. त्यात माज्या दोन बोटांचं काय सांगायचं?"

संयोगिता तिथेच खाली बसली. स्वतःची एवढी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"उपटायलाच हात घातला हुता म्या," रंगूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "वायर हातातच हुती. मग कागद दिसला. म्हनलं, आदी वाचावं. आक्षर लय बारीक तुजं. यक यक लावत गेले. शेवटाला पोचले आन् ईज पडली."

बाहेरून सौमित्रची हाक आली.

"वहिनी, साडेबारा होऊन गेले. गाडी चुकेल."

हातातल्या पुरचुंडीकडे संयोगिताने एकदा पाहिलं. मग ती फडताळात ठेवली आणि गॅस बंद केला.

"स्टँडवर नको, दादा," ती दारातून म्हणाली. "आत्यांना दवाखान्यात न्यायचंय. मी मागे धरून बसते."

"आणि डिस्क?"

"राहू दे."

तिने चपला आणून सासूच्या पायांपुढे ठेवल्या. रंगूबाईंनी त्या घातल्या, पण उंबऱ्यात थांबल्या. पाटी दाखवायच्या वेळी थांबायच्या तशाच.

"काय बी झालं तरी हात लावू ने, आसंच लिवलं हुतं न्हवं?" त्यांनी विचारलं. "म्या बरोबर वाचलं न्हवं?"

"बरोबर वाचलं, आत्या," संयोगिता म्हणाली.