खांदे, आवाज आणि रुतेहेंडा

माझा धाकटा भाऊ रुतेहेंडा म्हणजे नुसता वळू. उंच, रुंद खांद्यांचा. आवाज असा खर्जातला की टेकडीपलीकडच्या गाई मान वर करायच्या. आमच्या इबांडा गावात असा पुरुष दुसरा नाही, असं लोक कधीतरी म्हणायचे. तो रोज म्हणायचा.

मूल होईना म्हणून त्यानं केबिरुंगीला माहेरी हाकललं. तिनं बाग्येंडाशी लग्न केलं. हा बाग्येंडा काडीपैलवान, बोलला की शेळी ओरडल्यागत वाटायचं. तिला जुळं झालं. "शेजाऱ्याचं असेल," रुतेहेंडा म्हणाला.

दुसरी बायको न्यामविझा. तिचीही कूस रिकामीच राहिली.

मग म्बरारा शहरातून डॉक्टर कत्सिगाझी आले. पुरुषांचे खांदे, जबडा, आवाज मोजायचे आणि वीर्य तपासायचं, असं त्यांचं संशोधन. रुतेहेंडा सगळ्यांच्या आधी हजर. निकालाच्या दिवशी कौतुक ऐकायला त्यानं मलाही आत नेलं.

"बीज नाही," डॉक्टर म्हणाले. "एकही नाही."

"अहो, हा आवाज ऐकताय ना?"

"ऐकतोय. असा आवाज हजारो पिढ्या इतर पुरुषांना दबवायला कामी आला. बायकांनाही भुरळ पडली असेल. पण त्यात बीजाची हमी नसते. कारण शोधू, कदाचित उपचारही होतील. पुन्हा या."

घरी येऊन तो न्यामविझाला म्हणाला, "यंत्राला माझं झेपलं नाही." आणि तिसरी बायको शोधायला लागला.

मुलीकडे थोरली बहीण म्हणून मलाच जावं लागलं. पाहुणचाराचं दूध आलं. मुलीच्या बापानं विचारलं, "आधीच्या दोघींना मूल का नाही?"

"दोघी वांझ," माझ्या भावाचा आवाज घुमला.

मी दुधाचं भांडं खाली ठेवलं. "केबिरुंगीला जुळं आहे. दोष आमच्या पोराचा आहे. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलंय."

मुलीचा म्हातारा बाप शांतपणे म्हणाला, "दूध संपवा पाहुणे. परतीची वाट लांब आहे."

वाटेत रुतेहेंडा म्हणाला, "ताई, तू माझं नाक कापलंस."

"तुझं नाक होतंच कुठे? दोन पोरींच्या पदराआड लपला होतास."

त्याच संध्याकाळी मी न्यामविझाला सगळं सांगितलं. तिनं चूल विझवली, त्याचं घर सोडलं आणि आपली गाय माझ्या अंगणात आणून बांधली. भाऊ डॉक्टरांकडे अजून गेलेला नाही. बाजारात मात्र छाती काढून फिरतो आणि पोरी वळून बघतात, मूर्ख कुठल्या.